फरशी पुसणं बंद, बटरफ्लाय बंद, आणि गुडघे जोडीने

"ताई, नमस्कार. मला २६ वा आठवडा चालू आहे, दुसरी वेळ, मोठी मुलगी अडीच वर्षांची. डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी शाळेत शिकवते त्यामुळे दिवसभर उभीच असते. पाचव्या महिन्यापासून शिंक आली किंवा पटकन उठले की उजव्या जांघेत अशी कळ जाते की जागच्या जागी थिजते, पण ती लगेच थांबते. आता तीनेक आठवडे वेगळंच सुरू झालंय. खाली पुढच्या हाडावर दुखतं, मागे कंबरेच्या खाली पण, रात्री कूस बदलताना तर ओरडायला होतं, कधीकधी कट् असा आवाज येतो. सलवार घालताना एका पायावर उभं राहता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या सगळ्यांना होतं, कॅल्शियम घेत राहा. सासूबाई म्हणतात खाली बसून फरशी पूस, जागा मोकळी होईल. गर्भसंस्काराच्या क्लासमध्ये बटरफ्लाय (तळवे जोडून बसून गुडघे वर-खाली हलवायचे) करायला लावतात, ते केलं की दुसऱ्या दिवशी चालता येत नाही. मिस्टर विचारतात पट्टा आणू का. मला तर वाटायला लागलंय की मीच नाटक करतेय. बाळाला काही होणार नाही ना? नॉर्मल होईल ना? आणि मुलगी कडेवर घे म्हणून रडते, तिचं काय करू?
– दमलेली आई, डोंबिवली"

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नांपासून सुरुवात करते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. तू जे लिहिलंयस ते दुखणं तुझ्या सांध्यांचं आणि लिगामेंटचं (म्हणजे हाडं आणि अवयव जागेवर धरून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्यांचं) आहे, बाळापर्यंत ते पोचत नाही, बाळ आत मजेत आहे. नॉर्मल डिलिव्हरीही या दुखण्यामुळे अडत नाही. आणि नाटक वगैरे काही नाही, सलवारीत पाय घालताना ज्या बाईचा जीव जातो ती नाटक करत नसते, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे "सलवार घालताना" वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की निम्मं निदान तिथेच होतं.

तुला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तू ती पत्रात छान वेगळी करून लिहिलीयस, बहुतेक जणी एकत्र करून "खाली दुखतं" एवढंच सांगतात आणि मग समोरचा पण "होतं गं" म्हणून मोकळा होतो.

पहिलं, शिंकेचं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी दोरीसारखे दोन लिगामेंट निघतात आणि जांघेतून खाली जातात, त्यांना राऊंड लिगामेंट म्हणतात. गर्भाशय मोठं होतं तशी ही दोरी ताणली जाते, आणि तू झटकन उठलीस, शिंकलीस, खोकलीस की आधीच ताणलेल्या दोरीला हिसका बसतो. म्हणून ती चमक सुरीसारखी असते पण काही सेकंदांत जाते. बऱ्याच जणींना उजवीकडे जास्त होतं कारण गर्भाशय वाढताना थोडं उजवीकडे वळतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात याचा जोर असतो. याला औषध लागत नाही, युक्ती लागते: शिंक येतेय असं वाटलं की ताठ राहू नको, कमरेतून पुढे वाक, बसलेली असशील तर गुडघे पोटाकडे घे, दोरी सैल पडली की हिसका बसत नाही. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं, मग उठायचं. कळ आलीच तर त्या बाजूचा पाय पोटाकडे दुमडून कुशीवर पड. बास, या दुखण्याबद्दल एवढंच.

दुसरं जे आहे त्यात खरा त्रास आहे. ओटीपोटाच्या हाडांचं एक कडं असतं, पुढे दोन हाडं एकमेकांना भेटतात तो एक सांधा (तू म्हणतेस ते पुढचं हाड, लघवीच्या जागेच्या वरचं), आणि मागे माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना एकेक. हे तीन सांधे एरवी जेमतेम हलतात. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते आणि गरोदरपणात आणखी २ ते ३ मिलिमीटर वाढते, ती सगळ्यांचीच वाढते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कडं सैल झालं की दोन्ही बाजू सारख्या हलायला हव्यात, आणि जेव्हा एक बाजू एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे ओढली जाते तेव्हा ते दुखतं. याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात आणि साधारण दर ५ गरोदर बायकांमधल्या एकीला ते कमीजास्त होतं. म्हणजे तुझ्या डॉक्टर चुकीचं बोलल्या नाहीत, कॉमन आहेच, पण कॉमन आहे म्हणजे सहन करायचं असं कुठे लिहिलंय. सर्दी पण कॉमन आहे, आपण वाफ घेतोच ना. आणि कॅल्शियम घेच, तुला आणि बाळाला ते लागतं, पण या दुखण्यावर ते औषध नाही. (ती गोळी लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नको, दोन्हीत काही तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही.)

हे सगळं रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनमुळे होतं असं तू कुठेतरी वाचशील. लिगामेंट सैल होण्यात हार्मोन्सचा हात आहे हे खरं, पण ज्या बाईत रिलॅक्सिन जास्त तिला दुखणं जास्त असं सरळ गणित अभ्यासांतून निघालेलं नाही. आधी कंबरदुखी असेल, कधी ओटीपोटाला मार लागला असेल, आधीचं बाळंतपण असेल, काम दगदगीचं असेल तर शक्यता वाढते. तुझ्याकडे यातलं काय काय आहे ते तूच मोज.

आता तुझी यादी बघ. सलवार घालताना एक पाय वर. जिना चढताना एका पायावर सगळं वजन. कूस बदलताना एक गुडघा पुढे आणि दुसरा मागे. मुलगी एका बाजूला कडेवर. बटरफ्लायमध्ये आणि फरशी पुसताना दोन्ही मांड्या फाकलेल्या आणि वर सरकत सरकत एका पायावरून दुसऱ्यावर भार. सगळीकडे एकच गोष्ट चाललीय, दोन पाय दोन दिशांना. म्हणून माझा सगळा सल्ला एका ओळीत बसतो, गुडघे जोडीने ठेव. जे काही करशील ते दोन्ही पायांनी मिळून किंवा बसून.

फरशीचा विषय आधी संपवते कारण तो घराघरात आहे. खाली बसून फरशी पुसली की डिलिव्हरी सोपी होते हे आपल्याकडे आज्या-पणज्यांपासून चालत आलंय, त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि ज्या बाईला काही दुखत नाही आणि जन्मभर उकिडवं बसायची सवय आहे तिला त्याने काही होत नाही हे पण खरं. पण दुखऱ्या सांध्याला तेच घातक. सासूबाईंना असं सांग की जागा मोकळी व्हायला हवी ती प्रसूतीच्या वेळी, आत्ता ती गरजेपेक्षा जास्त मोकळी झालीय, म्हणूनच दुखतंय. हे वाक्य चालतं, मी वापरून बघितलंय. तेच विळीचं, पाय पसरून विळीवर बसणं बंद, टेबलाशी बसून सुरीने चीर. पोळ्या पण डायनिंग टेबलवर लाट की, ओट्यापाशी उभं राहायचा काही नेम केलेला नाही आपण. क्लासमध्ये बटरफ्लाय, मलासन, मांडी घालून तासभर बसणं, एका पायावरची आसनं, हे सगळं "मला चालत नाही" म्हणून सांग, खुर्चीवर बसून श्वासाचे प्रकार कर. कुणी "थोडं दुखणारच, सोडायचं नाही" म्हणालं तर सोडायचं.

रात्रीचं. कुशीवर झोपतेस ना, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घाल, आणि नुसत्या गुडघ्यांत नको, घोट्यापर्यंत पोचेल अशी लांब, म्हणजे वरचा पाय खाली लोंबत नाही. कूस बदलताना गुडघे आवळून धर, उशी तशीच, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम एका ओंडक्यासारखं वळव. मध्ये बसून मग वळलीस तरी चालेल. आणि एक आपली घरगुती युक्ती, पलंगाच्या मधल्या भागावर जुनी शिफॉनची किंवा सॅटिनसारखी घसरणारी साडी आडवी अंथर, सुती चादरीवर अंग अडकतं, साडीवर अलगद सरकतं. (पलंगाच्या कडेपर्यंत नको अंथरू, उठताना घसरशील.) उठताना आधी कुशीवर, दोन्ही पाय एकत्र खाली सोडायचे, हाताने रेटून बसायचं, मिनिटभर थांबून मग उभं राहायचं.

कपडे बसून घाल, सगळे, निकर पण, आधी दुखरा पाय घालायचा. चप्पल सरकवायची घे, वाकून बांधायची नको. जिना दिवसातून किती वेळा होतो ते बघ आणि दोनावर आण, भाजी, दूध, मुलीला खाली नेणं हे मिस्टरांकडे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, दोन्ही पाय एका पायरीवर आले की मग पुढची, कठड्याला धरून, आणि मागून कुणाला घाई असेल तर त्याला पुढे जाऊ दे. स्कूटरवर बसत असशील तर बंद, साडी नेसून एका बाजूला बसलीस की कंबर पिळते आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलीस की मांड्या फाकतात, दोन्हीत हाल. रिक्षात आधी पाठमोरी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. कार असेल तर सीटवर एक प्लास्टिकची पिशवी ठेव, गर्रकन वळता येतं, निघाली की काढून टाक. हे मी ज्ञान देत नाहीये, माझ्या दुसऱ्या वेळी मी स्वतः हेच पेशंटना शिकवून घरी जाताना एक पाय रिक्षात आणि एक रस्त्यावर अशी कळवळत उभी राहिलेय, आणि रिक्षावाले काका "ताई दवाखान्यात नेऊ का" विचारत होते, मी म्हटलं मी तिथूनच येतेय.

संडास भारतीय असेल तर मेडिकल दुकानात भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आण. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच, कुंथण्याने खालच्या स्नायूंवर ताण येतो, पाणी आणि फळं वाढव.

नवऱ्याला पट्ट्याबद्दल सांग की थांब, आधी एक टेस्ट कर. उताणी झोप (मिनिटभरच, या दिवसांत जास्त वेळ उताणं नको) आणि गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचल. जड वाटेल किंवा दुखेल. आता त्यांनी दोन्ही बाजूंनी तुझे खुबे आतल्या बाजूला हातांनी दाबून धरायचे आणि तू परत पाय उचलायचा. हलका गेला तर पट्ट्याचा उपयोग होण्याची चांगली शक्यता आहे, फरक नाही पडला तर पैसे वाचव. घ्यायचाच तर बाळंतपणानंतर पोट बांधायचा रुंद पट्टा नको हं, दुकानदार हमखास तोच काढून देतो. हा पट्टा अरुंद असतो, पोटाच्या खाली, खुब्यांवरून कडं आवळेल असा बांधायचा. चालताना, कामात लावायचा, झोपताना काढायचा. लावल्या लावल्या बरं वाटलं पाहिजे, वाटलं नाही तर जागा चुकलीय किंवा तो तुझ्यासाठी नाही.

व्यायाम तीनच सांगते, कारण दहा सांगितले तर तू एकही करणार नाहीस, अडीच वर्षांची मुलगी आहे घरात. एक, गॅस आणि लघवी एकदम धरून ठेवल्यासारखं खालून आत ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, जमेल तितके सेकंद धरायचं, हळूहळू १० पर्यंत न्यायचं, असं १० वेळा, मग १० वेळा झटपट, दिवसातून ३ वेळा. लघवी करता करता मात्र हे करू नको. दोन, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी, हळू दाबायची, ५ सेकंद, १० वेळा. दुखलं तर जोर कमी कर, तरी दुखलं तर सोड. तीन, हात-गुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी वर उचलायची आणि परत सपाट करायची, खाली झोळ करायचा नाही, आणि येताना-जाताना गुडघे एकाआड एक फेकू नको. यातला पहिला शाळेत स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या होतो, कुणाला कळत पण नाही. चालणं चालू ठेव पण लहान पावलं, एका दमात अर्धा तास नको, दहा दहा मिनिटं कर. पूर्ण अंथरूण धरू नको, त्याने स्नायू ढिले पडतात आणि उठल्यावर जास्त दुखतं.

शेक कंबरेला आणि मागच्या बाजूला, कोमट पिशवी कपड्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, पोटावर नाही. पुढच्या हाडावर बरेच जणींना उलट थंड बरं वाटतं, रुमालात बर्फ, पाच-सात मिनिटं. गोळ्यांचं मात्र नीट ऐक. घरात डबा उघडून कॉम्बिफ्लाम घ्यायची नाही, त्यात आयबुप्रोफेन असतं, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक पण नाही, विशेषतः २० व्या आठवड्यानंतर ही औषधं बाळाच्या किडनीवर परिणाम करू शकतात आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉल चालते पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारून. चोळायची मलमं पण विचारून, बऱ्याच बाममध्ये गंधपुऱ्याचं तेल असतं आणि ते अॅस्पिरिनच्याच घराण्यातलं. पाठीला साध्या खोबरेल तेलाने हलकं चोळून घे. कुणी हाड बसवणारे वैदू पाय ओढून "सेट" करतो म्हणाले तर दारातूनच नमस्कार.

नवरा-बायकोचं पण लिहिते, तू विचारलं नाहीस पण मनात असतं. दुखत असेल तर नको, एवढं साधं आहे, आणि नसेल तर कुशीवर.

शाळेत वर्गात खुर्ची माग. गरोदर बाईने मागणी केली तर प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात तिला फार वेळ उभं राहायचं किंवा कष्टाचं काम द्यायचं नाही, असं १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यापासून लिहिलेलं आहे, आणि २६ आठवड्यांच्या रजेतले ८ आठवडेपर्यंत डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. दुसरं मूल आहे म्हणून रजा कमी होत नाही, पहिल्या दोन मुलांना सारखीच. पण खुर्चीसाठी कायदा कशाला काढायचा, मुख्याध्यापकांना डॉक्टरांची एक चिठ्ठी दे. लोकलने जात असशील तर लेडीजच्या गर्दीत लोंबकळू नको, गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, चिठ्ठीची झेरॉक्स पर्समध्ये ठेव.

डॉक्टरांना पुढच्या वेळी "दुखतं" म्हणू नको, "एका पायावर उभी राहू शकत नाही, कूस बदलताना जाग येते, मला फिजिओकडे चिठ्ठी द्या" असं म्हण. बघ कसा फरक पडतो. गरोदरपणातल्या दुखण्यांवर काम करणारी फिजिओ शोध, खाजगीत परवडत नसेल तर सायन, केईएम, नायर या हॉस्पिटलांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. एक-दोनदा हाताने तपासून दाखवलं की जे कळतं ते माझ्या या लांबलचक पत्राने कळणार नाही. आणि फाइलवर लिहून घे की पेल्विक गर्डल पेन आहे. ३६ व्या आठवड्याच्या सुमाराला न दुखता गुडघे किती लांब जातात ते टेपने मोजून तो आकडा पण फाइलवर लिही, कारण एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीतून देतात ती भूल) घेतलं तर तुला दुखणं कळणार नाही आणि कुणीतरी पाय जास्त फाकवेल. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून प्रसूती करता येईल का हे आधीच विचारून ठेव. बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कमी होत जातं, थोड्या जणींचं रेंगाळतं, तेव्हा मालिशवाल्या बाईला पण मांड्या ताणायच्या नाहीत हे आधीच सांग.

हे सगळं सांध्याच्या दुखण्याचं झालं. पण रक्त दिसलं, पाणी गेलं, ३७ आठवड्यांच्या आत पोट थांबून थांबून ठराविक वेळाने कडक व्हायला लागलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली, एका जागी सतत दुखत राहिलं, बाळाची हालचाल कमी वाटली, एक पोटरी सुजून लाल झाली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा येऊन लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर पट्टा आणि उश्या राहू देत, त्याच वेळी हॉस्पिटल गाठ, गाडी नसेल तर १०८ ला फोन.

राहिली तुझी लेक. तिला नाही म्हणायचं नाही, कडेवर म्हणायचं नाही. सोफ्यापाशी एक पाट किंवा छोटं स्टूल कायमचं ठेव, तू सोफ्यावर मागे टेकून बस, पाय दोन्ही जमिनीवर, आणि तिला म्हण चढ वर. ती स्वतः चढते, तुझ्या शेजारी बसते, मग तू हात टाक आणि हवं तेवढं जवळ घे. पहिले तीन-चार दिवस रडेल, मग तिला चढायचीच मजा वाटते. बाहेर रस्त्यात हट्ट केला तर नवरा उचलेल, आणि तो नसेल तर तू कुठेतरी बस, कट्ट्यावर, दुकानाच्या पायरीवर, कुठेही, ती येते.